नवजात वासरांची रोगप्रतिकारशक्ती आणि चिकाचे महत्त्व

दुग्धव्यवसायाचे भवितव्य गोठ्यातील आजच्या वासरांवर अवलंबून असते, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. तथापि गाय अगर म्हैस व्याली की घरातील साऱ्यांचे लक्ष तिच्या कासेकडे लागते आणि वासराची विचारपूस मागे पडते, असे पुष्कळ ठिकाणी आढळून येते. वासरू एक-दोन आठवड्यांचे होते न होते तोच त्याला हगवण लागते, बेंबी पिकते, गुडघे सुजतात किंवा धाप लागते. आणि उपचारांची धावपळ सुरू होण्यापूर्वीच ते दगावते. "वासरू मुळातच अशक्त होते", "थंडी बाधली", "दृष्ट लागली" अशी कारणे मग सांगितली जातात. वस्तुतः अशा मृत्यूंपैकी अनेकांचे मूळ वासराच्या आयुष्यातील पहिल्या काही तासांतच असते. त्या तासांत त्याला जे मिळावयास हवे होते ते मिळालेले नसते. ते काय, आणि त्याच्यावाचून वासरू एवढे दुबळे का होते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

वासराची उपजत उणीव

मनुष्य काय किंवा जनावर काय, सर्वांच्या भोवती रोगजंतूंचा सदैव वावर असतो. हवा, पाणी, शेण, माती, गोठ्याची जमीन या सर्वांत ते असतात. असे असूनही प्रत्येक जनावर आजारी पडत नाही. कारण त्याच्या शरीरात रोगजंतूंशी सामना देणारी एक यंत्रणा असते. या यंत्रणेचे एक प्रमुख अंग म्हणजे रक्तातील प्रतिद्रव्ये. ही एक प्रकारची प्रथिने होत. एखादा रोगजंतू शरीरात शिरला की त्याला ओळखून चिकटणारे विशिष्ट प्रतिद्रव्य शरीर तयार करते. त्यामुळे रोगजंतू निष्प्रभ होतो, अथवा रक्तातील पांढऱ्या पेशींना त्याचा फडशा पाडणे सोपे जाते. थोरल्या गाईने आयुष्यात ज्या ज्या रोगांना तोंड दिले, ज्या ज्या लसी टोचून घेतल्या, त्या सर्वांची शिदोरी अशा रीतीने तिच्या रक्तात साठलेली असते.

ही शिदोरी वासराला जन्मापूर्वी मिळते काय? माणसाच्या बाबतीत ती मिळते. गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत आईच्या रक्तातील प्रतिद्रव्ये वारेतून गर्भाच्या रक्तात जातात व मूल काही प्रमाणात संरक्षण घेऊनच जन्माला येते. गाय, म्हैस, शेळी, मेंढी व घोडी यांची गोष्ट निराळी आहे. या जनावरांच्या वारेची रचनाच अशी असते की, मातेचे रक्त व गर्भाचे रक्त यांच्यामध्ये पेशींचे अनेक थर राहतात. गर्भाच्या वाढीला लागणारे अन्न व प्राणवायू या थरांतून पलीकडे जातात. परंतु प्रतिद्रव्यांचे मोठे कण जाऊ शकत नाहीत. परिणामी वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये जवळजवळ नसतातच. स्वतःची प्रतिद्रव्ये तयार करण्याची कुवत त्याच्या अंगी असते खरी. पण ती कामाला लागून पुरेसा साठा होण्यास कित्येक आठवडे जावे लागतात. तोपर्यंत वासरू म्हणजे तटबंदीवाचून उभे असलेले गावच होय.

प्रतिद्रव्यांची उणीव किती घातक ठरते याचे एक उदाहरण मानवी वैद्यकात प्रसिद्ध आहे. १९५२ साली ऑग्डेन ब्रुटन या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी वारंवार जंतुसंसर्गाने आजारी पडणाऱ्या एका आठ वर्षांच्या मुलाचे रक्त तपासले, तेव्हा त्यात प्रतिद्रव्यांचा अंश असलेला भागच आढळला नाही. दुसऱ्यांच्या रक्तापासून काढलेली प्रतिद्रव्ये टोचताच त्या मुलाचे आजार आटोक्यात आले. त्या मुलाच्या शरीरातील ही उणीव जन्मभराची होती. वासराची उणीव काही आठवड्यांची असते, आणि तिच्यावरील उपाय निसर्गाने त्याच्या आईच्या कासेतच ठेवलेला असतो. तो उपाय म्हणजे चीक.

चिकात काय असते?

विण्यापूर्वीच्या शेवटच्या आठवड्यांत गाईच्या रक्तातील प्रतिद्रव्ये मोठ्या प्रमाणावर कासेत उतरू लागतात व तेथे साठतात. यामुळेच पहिल्या धारेचा चीक दाट, चिकट व पिवळसर असतो. चांगल्या प्रतीच्या चिकात दर लिटरला ५० ग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रतिद्रव्ये असतात; नेहमीच्या दुधात हेच प्रमाण दर लिटरला एक ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. याखेरीज चिकात अ जीवनसत्त्व व स्निग्धांश विपुल असतात. चिकाच्या सारक गुणामुळे वासराच्या आतड्यात जन्मापूर्वी साठलेले काळसर, चिकट शेण बाहेर पडण्यास मदत होते.

मातेच्या दुधातून पिलाला रोगप्रतिकारशक्ती मिळते ही गोष्ट जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिच यांनी १८९२ मध्ये उंदरांवर प्रयोग करून दाखविली होती. गाईच्या वासरांविषयीचा निर्णायक पुरावा मात्र १९२२ मध्ये अमेरिकेतील थिओबाल्ड स्मिथ व राल्फ लिटल या संशोधकांनी पुढे आणला. त्यांनी वासरांचे दोन गट केले. एका गटास चीक पाजला व दुसऱ्या गटास चीक न देता दूध पाजले. चीक न मिळालेल्या गटातील बहुसंख्य वासरे थोड्याच दिवसांत मेली. जे जंतू एरव्ही आतड्यात निरुपद्रवीपणे राहतात, तेच या वासरांच्या आतड्यातून पुढे सरकून शरीरभर पसरलेले दिसून आले. दूध दोन्ही गटांना मिळत होते. वासरे मेली ती भुकेने नव्हे, तर संरक्षणाच्या अभावी. नुसते दूध पाजून वासरू जगेल असे समजणाऱ्यांनी हा प्रयोग ध्यानी घ्यावा.

वेळेचे महत्त्व

चीक पाजावयाचा तो केव्हा, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय. कोणतेही प्रथिन पोटात गेले की एरव्ही त्याचे पचन होऊन तुकडे होतात. परंतु नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या आतड्याची ठेवण काही तासांपुरती निराळी असते. प्रतिद्रव्ये अखंड स्वरूपात आतड्याच्या आवरणातून आरपार जातात व थेट रक्तात मिसळतात. जणू तटाचा एक दरवाजा थोड्या वेळासाठी उघडा ठेवलेला असतो. जन्मल्या क्षणापासून हा दरवाजा मिटू लागतो. पहिल्या चार ते सहा तासांत प्रतिद्रव्ये उत्तम शोषली जातात. त्यानंतर हे शोषण झपाट्याने घटते आणि २४ तासांच्या सुमारास जवळजवळ थांबते. दुसऱ्या दिवशी बादलीभर चीक पाजला तरी त्यातील प्रतिद्रव्ये वासराच्या रक्तात जाऊ शकत नाहीत. आतड्याच्या आतील बाजूला त्यांचा थोडा उपयोग होतो इतकेच.

इकडे कासेतील चिकाचा कसही टिकत नाही. पहिल्या धारेत प्रतिद्रव्ये सर्वाधिक असतात. दुसऱ्या वेळच्या धारेत ती पुष्कळच उतरतात. शिवाय वासराच्या तोंडावाटे घाणीतील जंतू चिकाच्या आधी पोटात गेले, तर रोगाला आयतीच संधी मिळते. सबब वासरू जन्मल्यापासून अर्ध्या ते एक तासाच्या आत त्याच्या पोटात पहिला चीक गेला पाहिजे. वासरू मध्यरात्री जन्मले तर सकाळच्या धारेपर्यंत थांबणे म्हणजे निम्मी संधी हातची घालविणे होय.

वार पडण्याची वाट पाहू नये

गाईची अगर म्हशीची वार पडेपर्यंत वासराला कासेशी सोडू नये, असा समज अनेक खेड्यांत रूढ आहे. चीक आधी पाजला तर वार अडकते, अशी भीती त्यामागे असते. वार पडण्यास साधारणतः ८ ते १२ तासही लागू शकतात. तेवढा वेळ वासराला उपाशी ठेवले, तर चिकाचा जो खरा उपयोगाचा काळ तोच निघून जातो. खरे पाहता वासरू कासेला लुचू लागले की गाय पान्हा सोडते. पान्हा सोडताना तिच्या शरीरात जे द्रव्य स्रवते, त्याच द्रव्याने गर्भाशयाचेही आकुंचन होते आणि वार सुटण्यास मदतच होते. म्हणून वासरास लवकर पाजणे हे वासराच्या व गाईच्या, उभयतांच्या हिताचे आहे. बारा तासांत वार न पडल्यास ती ओढून काढण्याचा प्रयत्न न करता पशुवैद्यास कळवावे.

खरवस की वासरू?

आपल्याकडे गाय-म्हैस व्याली म्हणजे घरी खरवस होतो, शेजारीपाजारी चीक वाटला जातो, शहरानजीकच्या गावांतून तो विकलाही जातो. या रीतीत आपुलकी आहे व ती मोडावी असे येथे सुचवावयाचे नाही. पण खरवस कशाने होतो, हे जाणून घेणे उद्बोधक ठरेल. दूध कितीही वाफविले तरी त्याच्या वड्या पडत नाहीत. चीक मात्र विरजण न लावता नुसत्या वाफेवर घट्ट बसतो. उष्णतेने गोठणारी प्रथिने त्यात भरपूर असतात म्हणून हे घडते. आणि त्या प्रथिनांतील मोठा वाटा प्रतिद्रव्यांचाच असतो. याचा अर्थ असा की, पहिल्या धारेच्या चिकाचा खरवस जितका घट्ट व चविष्ट, तितकी वासराच्या वाट्याची संरक्षक शक्ती भांड्यात गोठलेली असते. माणसाला त्या प्रतिद्रव्यांचा विशेष उपयोग नाही. कारण शिजविल्याने ती नष्ट होतात.

यातून मार्ग सोपा आहे. पहिल्या धारेचा चीक वासराचा. त्याचे पोट भरून उरला तर पुढील वेळेसाठी तो राखून ठेवावा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा चीकही वाफेवर बसतो. खरवस त्याचा करावा. नर वासरू, विशेषतः म्हशीचे नर रेडकू, फायद्याचे नाही म्हणून त्याला चिकाला मुकविण्याची पद्धतही अहितकारक आहे. आजारी पडलेले असे रेडकू गोठ्यात रोगजंतूंचा फैलाव करते व त्याची झळ शेजारच्या पारडीला लागते.

किती व कसा पाजावा?

वासराच्या वजनाच्या सुमारे एक दशांश इतका चीक पहिल्या सहा तासांत त्याच्या पोटात जावा, हा सर्वसाधारण नियम होय. वजन करण्यासाठी एका माणसाने वासरास उचलून धान्याच्या काट्यावर उभे राहावे व नंतर स्वतःचे वजन त्यातून वजा करावे. स्थूलमानाने पुढील प्रमाण धरण्यास हरकत नाही :

संकरित गाईचे वासरू, वजन २५ ते ३० किलो : अडीच ते तीन लिटर.
देशी गाईचे वासरू, वजन १५ ते २० किलो : दीड ते दोन लिटर.
म्हशीचे रेडकू, वजन २५ ते ३५ किलो : अडीच ते साडेतीन लिटर.
शेळीचे करडू, वजन २ ते ३ किलो : २०० ते ३०० मिलिलिटर.

हा चीक एकाच वेळी संपला नाही तर दोन-तीन वेळांत विभागून द्यावा. मात्र सहा तासांची मर्यादा सांभाळावी. बारा तासांच्या आत पुन्हा एकदा पाजावा आणि पुढे तीन-चार दिवस चीक चालू ठेवावा.

पाजण्यापूर्वी कास व सड कोमट पाण्याने धुऊन कोरडे करावेत व प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा बाजूला काढाव्यात. वासरू स्वतः उठून लुचत असेल तर उत्तम. पण ते कासेशी उभे आहे म्हणजे प्यालेच असे समजू नये. पहिलारू गाय लाथा मारते, एखाद्या गाईची कास फार खाली ओघळलेली असते, कष्टाने जन्मलेले वासरू गळून गेलेले असते. अशा वेळी चीक काढून बुचाच्या बाटलीने पाजावा. चीक अंगाइतका कोमट असावा. डोके मागे ओढून, नळकांड्याने घशात ओतू नये. तो श्वासनलिकेत जाऊन फुफ्फुसदाह होण्याचा धोका असतो. अगदीच न चोखणाऱ्या वासरास पशुवैद्याकडून नळीने चीक देवविता येतो.

वासराच्या पोटात चीक जाण्याइतकीच त्याच्या नाळेची निगाही महत्त्वाची आहे. ओली नाळ म्हणजे जंतूंना रक्तात शिरण्याचा उघडा रस्ता. जन्मल्याबरोबर ती टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवावी आणि वासरू कोरड्या, स्वच्छ अंथरुणावर ठेवावे.

आईचा चीक न मिळाल्यास

गाय विताना दगावली, तिला कासदाह झाला, किंवा चीक आधीच गळून गेला, तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या निरोगी गाईचा चीक द्यावा. ती गाय आपल्याच गोठ्यातील असल्यास अधिक चांगले. कारण तिच्या चिकातील प्रतिद्रव्ये त्याच गोठ्यातील जंतूंना ओळखणारी असतात. शेळीच्या करडासही गाईचा चीक चालतो. ज्यांच्याकडे अगर दूधसंस्थेत शीतपेटीची सोय आहे त्यांनी निरोगी गाईचा जादा चीक स्वच्छ बाटल्यांत भरून गोठवून ठेवावा. शून्याखाली २० अंश सेल्सिअस तपमानात तो वर्षभर टिकतो. वापरतेवेळी बाटली ५० अंशांपेक्षा कमी तापलेल्या पाण्यात ठेवून चीक वितळवावा. तो उकळू नये. उकळल्यास त्यातील प्रतिद्रव्ये निकामी होतात.

अंडे, एरंडेल व दूध यांचे मिश्रण चिकाऐवजी द्यावे, असा सल्ला पूर्वीपासून दिला जातो. या मिश्रणाने वासराचे पोषण होईल, पोटही साफ होईल. परंतु गाईची प्रतिद्रव्ये त्यात नसतात. तेव्हा असे मिश्रण चिकाची जागा घेऊ शकत नाही, हे ओळखून त्या वासरास अधिक जपावे.

वासराला पुरेशी प्रतिद्रव्ये मिळाली की नाही, हे जन्मानंतर एक-दोन दिवसांनी रक्ताची साधी तपासणी करून पशुवैद्य सांगू शकतात. रक्तजलात दर लिटरला १० ग्रॅमपेक्षा कमी प्रतिद्रव्ये असल्यास चिकापासून मिळणारे संरक्षण अपुरे राहिले, असे मानतात.

गाभण जनावराची निगा

चिकाचा कस विण्यापूर्वीच ठरत असतो. विण्याआधी सुमारे दोन महिने गाय आटवावी. या काळात तिला हिरवा चारा, खुराक व क्षारमिश्रण द्यावे. विण्याच्या दिवसांत कास भरली म्हणून धार काढू नये. तो चीक वासराचा असतो. गाभण काळात नवी गाय विकत आणल्यास ती शक्य तितकी आधी आणावी, म्हणजे आपल्या गोठ्यातील जंतूंविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करण्यास तिला अवधी मिळतो.

उसनी शक्ती व लसीकरण

चिकातून मिळालेली शक्ती उसनी असते. तिचा साठा दर तीन आठवड्यांच्या सुमारास निम्मा होतो. इकडे वासराची स्वतःची शक्ती हळूहळू वाढत असते. उसनी शक्ती ओसरलेली व स्वतःची पुरती आलेली नाही, असा एक नाजूक काळ मध्ये येतो. या दिवसांत गोठा कोरडा ठेवणे, दाटी टाळणे व वासरांना मोठ्या जनावरांपासून वेगळे बांधणे अगत्याचे असते. म्हशीच्या रेडकांना मोठ्या गोल जंतांची बाधा आईच्या दुधावाटेच होते. म्हणून चीक बंद न करता १० ते १५ दिवसांच्या वयात पशुवैद्याच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे.

लस फार लवकर टोचल्यास आईकडून आलेली प्रतिद्रव्येच तिला निष्प्रभ करतात. याच कारणास्तव लाळखुरकताची पहिली लस चौथ्या महिन्यात, तिची पुनर्मात्रा एक महिन्याने व त्यानंतर दर सहा महिन्यांनी देतात. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी सहाव्या महिन्यानंतर, दरवर्षी पावसाळ्यापूर्वी देतात. सांसर्गिक गर्भपाताची लस केवळ मादी वासरांना, ४ ते ८ महिन्यांच्या वयात, एकदाच देतात.

आनुवंशिक उणीव

चीक वेळेवर पाजूनही क्वचित एखादे वासरू सतत आजारी राहते. जखमा बऱ्या होत नाहीत, हिरड्या सुजतात, वाढ खुंटते. अशा वेळी आनुवंशिक दोषाची शंका घेण्यास जागा असते. होल्स्टिन जातीत असा एक दोष आहे. त्यात पांढऱ्या पेशी रक्तात भरपूर असतात. परंतु रक्तवाहिनीच्या आतील आवरणाला चिकटून बाहेर पडण्याची शक्ती त्यांच्या ठायी नसते. शिपाई मुबलक, पण चौकीबाहेर पडावयास वाट नाही, अशी ही स्थिती होय. या दोषाचा माग १९५२ मध्ये जन्मलेल्या ऑसबॉर्नडेल आयव्हनहो या अमेरिकन वळूपर्यंत पोहोचतो. त्याच्या वंशातील वळूंचे रेतन अनेक देशांत वापरले गेले. १९९२ मध्ये दोषाचे नेमके कारण सापडल्यावर वळूंची तपासणी शक्य झाली. गाय व वळू दोघेही दोषाचे वाहक असतील तरच चारांत एक या प्रमाणात दोषयुक्त वासरू जन्मण्याचा संभव असतो. आपल्या देशातील मान्यताप्राप्त रेतन केंद्रांवर होल्स्टिन व संकरित वळूंची या दोषासाठी तपासणी करण्याचा नियम आहे. म्हणून संकरित गाईस मान्यताप्राप्त केंद्राचेच रेतन द्यावे व अनोळखी वळू टाळावा.

सारांश

१. वासरू जन्मतःच प्रतिद्रव्यांवाचून असते. चीक हेच त्याचे पहिले संरक्षण.
२. पहिला चीक अर्ध्या ते एक तासात, व वजनाच्या एक दशांश इतका सहा तासांच्या आत पाजावा.
३. वार पडण्याची वाट पाहू नये.
४. पहिल्या धारेचा चीक वासराला. खरवस नंतरच्या दिवसांचा.
५. नाळेला टिंक्चर आयोडिन लावावे व जागा कोरडी ठेवावी.
६. जंतनाशक व लसी ठरलेल्या वयात द्याव्यात.

यासाठी खर्च जवळजवळ नाही. लागते ती रात्रीची थोडी जाग आणि पहिल्या भांड्यावरील मोह आवरण्याची तयारी. औषधोपचारांवर पुढे जो पैसा व श्रम खर्ची पडतात त्यांच्या मानाने हे मोल अल्प आहे. शेतकरी बंधुभगिनींनी आपल्या गोठ्यातील यापुढील प्रत्येक वेताला हा नियम पाळावा, अशी शिफारस आहे.